थवा येण्याआधी पेटी तयार हवी

संक्रांत झाली की ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांची मधमाश्यांवरची पत्रं वाढू लागतात. काटेसावर, पळस, शेवगा आणि मग जांभूळ, कडुनिंब, करंज असा फुलोरा एकामागून एक लागतो, मोहोळं भरतात आणि थवे सुटू लागतात, म्हणजे राणीला घेऊन मोहोळातल्या निम्म्या माश्या नवं घर शोधायला निघतात. यंदा आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकच आहे : थवा आपल्या पेटीत कसा आणायचा, आणि आणलेला टिकवायचा कसा. म्हणून या वेळचं सदर पूर्ण याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या आवारातल्या आंब्याच्या फांदीला काल दुपारपासून माश्यांचा घोस लटकला आहे. पोळं दिसत नाही, नुसत्या माश्या. सचिव पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं म्हणतात. मला वाटतं, हा पेटीत भरता येईल. कोणाचं बरोबर? (घोडबंदर रोड, ठाणे)

आधी माशी कोणती ते पाहा, बाकी सगळं त्यावर ठरतं. आपल्याकडे पेटीत राहणारी, डंख असलेली देशी माशी एकच, सातेरी. ती अंधाऱ्या पोकळीत, म्हणजे झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या खळग्यात, जुन्या कपाटात, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. तिचा फांदीवरचा घोस साधारण नारळाएवढा किंवा त्याहून थोडा मोठा असतो आणि माश्या घरमाशीहून किंचितच मोठ्या, पोटावर काळे-पिवळसर पट्टे असलेल्या दिसतात. तसा घोस असेल तर तुमचं बरोबर, आणि वेळही थोडा आहे. हा घोस म्हणजे मधला मुक्काम. टेहळ्या माश्या नवं घर शोधत असतात. जागा ठरली की सगळा थवा उठतो, कधी तासाभरात, कधी दोन-तीन दिवसांनी.

घोस हातभर लांब, माश्या जवळपास बोटाच्या पेराएवढ्या लांब आणि पंख गडद असतील, तर ती आग्या. तिच्या वाटेला जाऊ नका. वर्दळ तिथून वळवा आणि दोन-चार दिवस थांबा. पोळं न बांधता नुसता बसलेला आग्याचा थवा पुष्कळदा विश्रांती घेऊन आपला पुढे जातो. आणि तळहाताएवढं एकच पोळं बारीक काटकीभोवती बांधलेलं, माश्या अगदी छोट्या आणि लालसर, तर ती फुलोरी. ती उघड्यावरच राहते, पेटीत कोंडली की निघून जाते. कुंपणाच्या मेंदीत तिचं पोळं असेल तर छाटणी पुढे ढकला, एवढंच पुरे.

पेस्ट कंट्रोलची गरज या तिन्हींपैकी एकाही घोसाला नाही. विष मारलं तर माश्या ताबडतोब मरत नाहीत, बिथरून आवारभर पसरतात, आणि मुलांना डंख होतात ते त्यातच.

प्रश्न : व्हिडिओ पाहून चाळीस लिटरचा मोठा खोका केला, झाडावर पंधरा फुटांवर टांगला, गवती चहाचं तेल शिंपडलं. दोन महिने झाले, एक माशीही फिरकली नाही. काय चुकलं? पेटी नेमकी कशी असावी? (खारघर)

ती मापं युरोपीय माशीची, म्हणजे मेलिफेराची आहेत. परदेशात चाळीस लिटरची पोकळी तिला आवडते, हे खरं. पण खारघरच्या डोंगराकडून येणारा थवा सातेरीचा असतो. सातेरीचं कुटुंब लहान, त्यामुळे तिला लहान, उबेची, सहज राखता येईल अशी जागा लागते. चाळीस लिटरच्या खोक्यात टेहळी माशी फिरून बघते आणि परत जाते.

सातेरीसाठी बारा ते वीस लिटरची पेटी करा. आतून ३० सेंटिमीटर लांब, २४ रुंद आणि २० उंच घेतलंत तर साडेचौदा लिटरच्या आसपास जागा मिळते. मात्र पुढे मधपेटीतच ठेवायचं असेल, तर भारतीय मानक 'आयएस १५१५'च्या 'ए' प्रकाराची, म्हणजे सातेरीच्या मापाची तयार पेटीच सापळा म्हणून लावणं उत्तम. थवा आला की त्यालाच त्याच्या कायमच्या घरात आणल्यासारखं होतं, चौकटी (माश्या ज्यांत पोळं बांधतात त्या लाकडी फ्रेम) बदलण्याची कटकट राहत नाही.

लाकूड जुनं, वाळलेलं घ्या. फळी दोन सेंटिमीटर जाडीची असेल तर दुपारचं ऊन आत पोचत नाही. नव्या प्लायवूडला चिकटपदार्थाचा वास असतो, तो जायला महिनोन् महिने लागतात. पत्र्याचा डबा आणि प्लास्टिकचा क्रेट मार्चमध्ये भट्टी होतात. आतून रंग, वॉर्निश काही नको. बाहेरून फिका रंग चालेल, पण हंगामाच्या दोन महिने आधी. सांधे बंद हवेत, आत प्रकाशाची तिरीप येता कामा नये. झाकण लावून पेटी उन्हात धरा आणि दारातून आत डोळा लावून बघा, फट कुठे आहे ते लगेच कळतं. फटी मेणाने किंवा शेण-मातीच्या लिंपणाने बुजवा. सिलिकॉन नको, वास राहतो.

माश्या ज्यांना पोळी टांगतात त्या वरच्या पट्ट्यांमधलं अंतर बहुतेकांच्या हातून चुकतं. एका पट्टीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत ३० ते ३२ मिलिमीटर ठेवा. जास्त ठेवलं की माश्या दोन पट्ट्यांच्या मधे तिरकं पोळं बांधतात आणि पुढे एकही चौकट मोडल्याशिवाय बाहेर येत नाही. दार तळाशी, समोरच्या बाजूला, २५ मिलिमीटर व्यासाचं एक भोक किंवा ८ मिलिमीटर उंच आणि ८ सेंटिमीटर लांब अशी खाच. याहून मोठं दार म्हणजे पाल, झुरळ आणि गांधीलमाशीला आमंत्रण.

आता वास. सातेरीच्या बाबतीत आमचा भर तेलापेक्षा मेणावर आहे. पन्नास ग्रॅम शुद्ध मधमाशीचं मेण घ्या. मेणबत्तीचं मेण पॅराफिन असतं, त्याचा उपयोग नाही. पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून ते वितळवा. बासष्ट-पासष्ट अंशाला मेण पातळ होतं. थेट आचेवर ठेवू नका, पेट घेतं. ब्रशने झाकणाच्या आतल्या बाजूला आणि पट्ट्यांच्या खालच्या कडेला पातळ थर द्या. एका पट्टीला काडेपेटीएवढा जुन्या काळपट पोळ्याचा तुकडा मेणानेच चिकटवा. ज्या पोळ्यात पिल्लं वाढली आहेत त्याचा वास टेहळीला सर्वात ओळखीचा. तुकडा लावण्याआधी दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. मेणपतंगाची, म्हणजे पोळं खाणाऱ्या पतंगाची, अंडी त्यात असतातच, ती गोठून मरतात. हे न करता लावलेल्या पोळ्याचा आपल्या दमट हवेत तीन आठवड्यांत जाळ्यांनी भरलेला चोथा होतो, आणि मेणपतंगाच्या जाळ्या असलेल्या पेटीत सातेरी पाऊल ठेवत नाही.

गवती चहाच्या तेलात सिट्रल असतं आणि मेलिफेराच्या कामकरी माश्या 'इकडे या' म्हणून जो गंध सोडतात त्यातही ते आहे. म्हणून तेल वापरतात. तुम्हीही वापरा, पण शिंपडू नका. कापसाच्या बोळ्यावर दोन-तीन थेंब, तो बोळा टाचणीने एक भोक पाडलेल्या छोट्या पिशवीत, आणि पिशवी आतल्या कोपऱ्यात. पंधरा दिवसांनी एक-दोन थेंब पुन्हा. पेटीजवळ गेल्यावर तुम्हाला वास भपकन आला तर तो माशीला असह्य झालेला असतो.

टांगण्याची उंची दोन ते चार मीटर पुरे. पहिल्या-दुसऱ्या मजल्याची गॅलरी, गच्चीच्या कठड्याची सावली, बंगल्याच्या पडवीचा वासा किंवा आवारातल्या झाडाचा बेचका, यापैकी काहीही चालेल. तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन दारावर येतं आणि दुपारी सावली. पेटी जराशी पुढे झुकवा, वळवाच्या सरीचं पाणी आत साचणार नाही. वाऱ्याने हलता कामा नये. दोरीने लोंबती ठेवलेली पेटी माश्या नाकारतात, म्हणून पट्ट्याने घट्ट बांधा. एसीचा बाहेरचा यंत्रभाग, धुराडं आणि रात्रभर जळणारा दिवा यांपासून लांब.

वेळेबद्दल एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. पेटी जानेवारीच्या मध्याला जागेवर हवी. फांदीवर घोस दिसल्यावर सुतार शोधणाऱ्याला थवा मिळत नाही. फेब्रुवारी ते एप्रिलचा हंगाम हुकला तर पावसानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुसरी छोटी संधी येते. आणि एकच पेटी लावून बसू नका. शंभर-दोनशे मीटरच्या अंतराने तीन-चार लावा. चांगल्या जागीही प्रत्येक पेटी भरत नाही.

प्रश्न : पेटीभोवती रोज दहा-पंधरा माश्या घिरट्या घालतात, आत जातात, बाहेर येतात. आठ दिवस झाले तरी थवा आलेला नाही. (ऐरोली)

त्या टेहळ्या आहेत. माशी दारावर तरंगते, उतरते, आतल्या भिंतीवरून चालत फिरते, बाहेर येऊन पेटीभोवती चहूबाजूंनी उडून बघते. पायांवर परागाचे गोळे नसतात आणि अंधार पडल्यावर पेटीत एकही माशी उरत नाही. या दोन खुणा जुळल्या तर चांगली बातमी. थव्यावर परतून ती नाचून जागा सांगते, आणखी टेहळ्या पाहायला येतात. संख्या दिवसागणिक वाढत गेली तर ठराव तुमच्या बाजूने झुकतो आहे. ती दहा-पंधरावरच अडकली असेल, तर त्यांना दुसरी जागा अधिक पसंत आहे, किंवा मूळ मोहोळातून थवा अजून सुटलेलाच नाही.

या काळात सर्वात जास्त नुकसान कुतूहलाने होतं. झाकण उघडून बघणं, पेटी सरकवणं, तेल वाढवणं, काहीही करू नका. फक्त दारासमोर कोळ्याचं जाळं नाही ना, आणि मुंग्यांची रांग लागलेली नाही ना, एवढं लांबून पाहा. माश्या दारात एकमेकींना धरून लोळवत असतील तर मात्र ती टेहळणी नव्हे, लूट आहे. तुमच्या पोळ्याच्या तुकड्यात मध राहिला असणार. तो काढून टाका, रिकामं कोरडं पोळंच ठेवा.

प्रश्न : फांदीवरचा घोस पेटीत कसा उतरवायचा ते क्रमाने सांगा. हातमोजे, जाळी आहे. माश्यांना धूर देण्याचं धुराडं नाही. (कोपरी, ठाणे पूर्व)

धुराडं नसलं तरी अडत नाही. घोसाला धूर दिला तर तो उठून जाण्याचीच भीती जास्त. थव्याच्या माश्या निघताना पोटभर मध पिऊन निघतात, राखायला पिल्लं-मध काही नसतं, म्हणून त्या सहसा शांत असतात. पण दोन-तीन दिवस उपाशी लटकलेला घोस चिडका होतो. जाळी आणि पूर्ण बाह्यांचे फिके कपडे घालाच.

दुपारी जागा पाहून ठेवा, काम साडेचारनंतर करा. संध्याकाळी टेहळ्या परतलेल्या असतात आणि अंधार जवळ असल्याने बिथरलेला थवाही लांब जात नाही. पेटीत पाच चौकटी लावा, मधल्या तीन काढून जागा मोकळी ठेवा. पेटीखाली पांढरी चादर अंथरा. फवारणीच्या बाटलीत साधं पाणी घेऊन घोसावर हलका तुषार मारा. पंख ओले झाले की माश्या गच्च बसतात. भिजवून टाकू नका, थंडाव्याने गळून पडतात.

फांदी बारीक असेल तर धारदार कात्रीने, धक्का न देता, घोसासकट कापा आणि पेटीवर आणून एकच जोरदार झटका द्या. दहा हलके झटके दिले तर माश्या हवेत उडतात. एका झटक्यात मात्र गोळा अखंड पडतो. फांदी जाड असेल तर पातळ मलमलची तोंडाला नाडी असलेली पिशवी खालून वर चढवा, घोस पूर्ण आत गेला की नाडी ओढा आणि पिशवी पेटीत उलटी करा. लगेच चौकटी हळूच परत ठेवा. दाबून बसवू नका, आपल्या वजनाने माश्या बाजूला होत चौकट खाली बसते. झाकण बोटभर उघडं ठेवून चादरीवर पेटी राहू द्या.

आता पेटीच्या दाराकडे पाहत बसा. राणी आत असेल तर पाच-दहा मिनिटांत दारावर काही माश्या पोटाचं टोक वर करून जोराने पंख मारू लागतात, आणि चादरीवरच्या माश्या मुंग्यांच्या रांगेसारख्या आत चालू लागतात. हे दिसलं म्हणजे काम झालं. उलट माश्या पेटीतून निघून पुन्हा फांदीकडे जमत असतील तर राणी वरच राहिली. पुन्हा तुषार, पुन्हा झटका. राणी सापडलीच तर ती इतरांपेक्षा लांबट, काळसर पोटाची, आखूड पंखांची दिसते. तिला बोटांनी उचलू नका, राणीपिंजऱ्यात चालत जाऊ द्या.

फांदीवर माश्यांचा वास राहतो आणि त्या तिथेच परत परत जमतात, म्हणून ती जागा ओल्या फडक्याने पुसा. अंधार पडला की दार जाळीच्या तुकड्याने बंद करून पेटी त्याच रात्री कायमच्या जागी न्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हलवलीत तर बाहेर गेलेल्या माश्या जुन्याच जागी परततील.

आणि एक गोष्ट निक्षून. घोस पहिल्या मजल्याच्या वर, खिडकीच्या ग्रिलवर किंवा छज्जाच्या टोकाला असेल तर सोडून द्या. माश्यांनी बिथरलेला माणूस उंचीवर पाय सांभाळू शकत नाही.

प्रश्न : पेटीत भरलेल्या थव्याला गूळपाणी द्यावं का? (उरण)

नाही. गुळातले न पचणारे घटक माश्यांचं पोट बिघडवतात. पांढरी साखर आणि पाणी समान वजनाने, गरम करून थंड केलेलं, रोज रात्री पेटीच्या आत २०० मिलिलिटर. बाटलीतला मधही देऊ नका, त्यातून रोग येतात.

प्रश्न : गेल्या वर्षी दोनदा थवा धरला. दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेटी रिकामी. हे का होतं? (नेरुळ)

थवा धरणं हे निम्मंही काम नाही, खरी परीक्षा पहिल्या आठवड्याची. सातेरी जागा सोडायला फार तयार असते. ऊन, मुंग्या, मेणपतंग, वारंवार उघडझाप, अन्नाची टंचाई, यांतलं एकही कारण तिला पुरतं. ज्या पेटीत तिची पिल्लं आहेत ती मात्र ती सहजासहजी सोडत नाही. म्हणजे पिल्लं होईपर्यंतचे आठ दिवस तिला थोपवायचं, हे गणित.

सर्वात पक्का उपाय म्हणजे कुणा मित्राच्या निरोगी पेटीतली, अंडी आणि लहान अळ्या असलेली एक चौकट मधोमध देणं. दिली की थवा बहुधा तिथेच बसतो. ती मिळत नसेल तर राणीद्वाराची जाळी दारावर चार-पाच दिवस लावा, जिच्यातून कामकरी माशी जाते, राणी अडते. जाळी सातेरीच्या मापाचीच घ्या. मेलिफेरासाठीच्या जाळीची फट सुमारे ४.२ मिलिमीटर असते, सातेरीची राणी तिच्यातून निसटू शकते. पण इथे एक मोठी खोच आहे. थवा मोहोळातून दुसऱ्यांदा सुटलेला असेल, आकाराने लहान, मूठ-दोन मुठी, तर त्यातली राणी कोवळी, अजून न फळलेली असू शकते. तिला मिलनासाठी बाहेर जाणं भागच आहे. जाळी महिनाभर ठेवलीत तर ती वांझ राहील आणि मोहोळ संपेल. पाचव्या दिवशी जाळी काढाच.

पेटी पश्चिमेच्या भिंतीला असेल तर आधी तीच जागा बदला. नवी मुंबईच्या इमारतींमध्ये पश्चिमेची गॅलरी दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत तापते आणि काँक्रीट रात्रीही गरम राहतं. पेटीवर नारळाच्या झावळ्या किंवा ओलं गोणपाट टाका. मुंग्यांसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात, ते ठीक. पण पाणी दर चार दिवसांनी ओतून वाटी घासा, नाहीतर डेंग्यूच्या डासांची पैदास तुमच्याच घरात. आम्ही पायांना चार बोटं रुंद ग्रीसचा पट्टा सुचवतो. पेटी भिंतीला किंवा झाडाच्या पानाला टेकत असेल तर मात्र मुंग्या तिकडून येतात, पट्ट्याचा उपयोग शून्य.

साखरपाणी रात्रीच, पेटीच्या आत, पसरट वाटीत वाळकी काटकी टाकून, म्हणजे माश्या बुडत नाहीत. बाहेर थेंबही सांडू नका. पहिले सात दिवस साखरपाण्याची वाटी भरण्यापलीकडे झाकण उघडू नका. बाहेरून तीन खुणा पुरतात : सकाळी पायांवर पिवळे-केशरी परागगोळे घेऊन माश्या आत जाऊ लागल्या, संध्याकाळी दारावर पहारा दिसला आणि तळपाटावर, म्हणजे पेटीच्या तळाच्या फळीवर, पांढऱ्या मेणाचे कण पडले, तर राणी अंडी घालते आहे असं समजा. आठव्या दिवशी एकदाच उघडून मधली चौकट उजेडात धरा. पोळ्यातल्या घराच्या तळाशी उभं, तांदळाच्या कणीहून बारीक एक पांढरं अंडं दिसलं की झाकण लावा. एकाच घरात चार-पाच अंडी, तीही भिंतीला चिकटलेली असतील, तर राणी नाही आणि कामकरी माश्या अंडी घालत आहेत. त्या घरांतून फक्त नर निघतात. अशा मोहोळाला एकाद्या सशक्त पेटीत मिसळून टाकणंच शहाणपणाचं.

पालिकेची धूरफवारणी तुमच्या गल्लीत कधी असते ते विचारून ठेवा. त्या संध्याकाळी माश्या परतल्यावर दार जाळीने बंद करून पेटीवर ओलं कापड टाका आणि तासाभराने काढा. कापड झाकून विसरलात तर माश्या आत गुदमरतील.

प्रश्न : आमच्या चाळीतल्या जुन्या लाकडी कपाटात सातेरीचं वर्षभराचं मोहोळ आहे. चाळ पाडायची आहे. पेटीत हलवता येईल का? (ठाणे)

येईल, आणि थव्यापेक्षा हे मोहोळ जास्त टिकतं, कारण पिल्लं सोबत येतात. पाडकामाच्या निदान तीन आठवडे आधी करा. संध्याकाळी, कपाटाच्या दारातून हलका धूर (वाळलेलं गवत किंवा नारळाची सोडणं) देऊन एका बाजूने पोळी मोकळी करा. प्रत्येक पोळं वरच्या कडेपासून धारदार सुरीने कापा. पिल्लांचा भाग चौकटीच्या आतल्या मापाचा कापून चौकटीत बसवा आणि केळीच्या सोपाच्या दोरीने किंवा सुती दोऱ्याने दोन ठिकाणी गुंडाळा. पोळ्याची वरची बाजू वरच राहिली पाहिजे, उलटं बांधलं तर अळ्यांना दिलेलं अन्न सांडतं. माश्या पोळं चौकटीला जोडतात आणि दोरा आठवड्याभरात स्वतःच कुरतडून बाहेर टाकतात. नायलॉनची दोरी त्यांना तुटत नाही, पोळ्यात रुतते.

मधाचं पोळं चौकटीत बांधू नका. ते जड असतं, रात्रीत तुटून खाली पडतं, मध सांडतो आणि मुंग्या सगळं मोहोळ संपवतात. मध वेगळ्या भांड्यात काढा. नरांची घरं ओळखायची असतील तर त्यांच्या फुगीर टोप्यांना मधोमध सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं. ही सातेरीची खास खूण, तो रोग नव्हे.

मोहोळ वीजमीटरच्या खोक्यात असतं तर उत्तर वेगळं असतं. तिथे आधी वीज बंद, आणि ती बंद करायला वायरमन, मग बाकी सगळं.

प्रश्न : चौदाव्या मजल्याच्या गॅलरीखाली आग्याचं मोठं पोळं आहे. ते पेटीत घालून शेतकऱ्याला देता येईल का? (वाशी)

नाही. आग्या माशी उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते आणि ऋतूनुसार मुक्काम हलवते. कोणत्याही पेटीत ती राहत नाही. कुणी पैसे घेऊन 'पेटीत नेतो' म्हणत असेल तर तो पोळं कापून मध नेणार आहे. पोळ्याखालची खिडकी बंद ठेवा, रात्री गॅलरीतला दिवा लावू नका (उजेडाकडे त्या झेपावतात), गच्चीवर धूर-फटाके नकोत. फुलोरा संपून पाऊस जवळ आला की मोहोळ बहुधा स्वतःहून जातं. मग रिकामं पोळं खरवडून ती जागा घासून धुवा आणि रंगवा, म्हणजे पुढल्या वर्षी जुन्या मेणाच्या वासाने पुन्हा तिथेच बसणार नाही.

प्रश्न : आमची पेटी दर मार्चमध्ये थवा सोडते आणि निम्म्या माश्या जातात. थांबवता येतं का? (बेलापूर)

पूर्ण थांबवता येत नाही आणि थांबवूही नये, ती मोहोळाची संतती आहे. पण थवा रस्त्यावर जाण्याऐवजी तुमच्या दुसऱ्या पेटीत जाईल, एवढं करता येतं. फेब्रुवारीपासून दर सात दिवसांनी पोळ्यांच्या खालच्या कडा तपासा. शेंगदाण्याच्या टरफलासारखी, तोंड खाली असलेली राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढते ती घरं, लोंबताना दिसली की वेळ आली. राणीघर बंद झालं की जुनी राणी थवा घेऊन निघते, त्यामुळे सातव्याऐवजी पंधराव्या दिवशी पाहिलंत तर फक्त रिकामं घर पाहायला मिळेल. राणीघरं मोडत बसणं हा उपाय नव्हे. एखादं नजरेतून सुटतंच.

त्याऐवजी जुनी राणी, पिल्लांच्या दोन आणि मधाची एक चौकट नव्या पेटीत घाला. मूळ पेटीत सर्वांत मोठं, सरळ लोंबणारं एकच राणीघर ठेवून बाकीची काढा. दोन्ही पेट्या एकाच गच्चीवर ठेवायच्या असतील तर जुन्या जागेच्या डाव्या-उजव्या बाजूला अर्धा-अर्धा मीटर सरकवून ठेवा. परतणाऱ्या माश्या दोन्हींत वाटल्या जातात. एका पेटीत गर्दी जास्त झाली तर ती आणखी थोडी लांब सरकवा. नवी राणी बाहेर पडून, फळून अंडी घालायला साधारण दोन-तीन आठवडे घेते, तोवर मूळ पेटी उघडू नका.

प्रश्न : डंख झाला तर? (कळवा)

नांगी लगेच खरवडून काढा, नखाने काढा की कार्डाने, पद्धतीपेक्षा वेग महत्त्वाचा. ती जेवढा वेळ रुतून राहते तेवढा वेळ विष आत जात राहतं. त्या जागी पक्क्या केळ्यासारखा वास सुटतो, तो इतर माश्यांना 'इथे मारा' असं सांगणारा. म्हणून पेटीपासून दूर जाऊन जागा साबणाने धुवा, बर्फ लावा. सूज आणि खाज एक-दोन दिवस राहते. अंगभर पित्ताच्या गांधी, ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, श्वासाला त्रास, चक्कर, यांतलं काहीही दिसलं तर घरगुती उपचारात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, त्या माणसाला इंजेक्शन लागणार आहे. अशी प्रतिक्रिया एकदा आलेल्याने पेटी सांभाळू नये.

प्रश्न : येऊरच्या जंगलात पेट्या लावल्या तर थवे लवकर मिळतील का? (वर्तकनगर)

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे परवानगीशिवाय पेटी लावणं, मोहोळ काढणं किंवा मध काढणं हा गुन्हा आहे. त्याची गरजही नाही. डोंगराकाठच्या खासगी आवारात, उपवन-मानपाड्याच्या बाजूला मालकाच्या संमतीने लावलेली पेटी तेच थवे घेते. शिकायचं असेल आणि पहिलं मोहोळ विकत घ्यायचं असेल तर महाबळेश्वरचं मध संचालनालय आणि पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था या दोन जागी चौकशी करा. तिथल्या प्रशिक्षणात चौकट हातात धरायला मिळते, आणि अंडं कसं दिसतं हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की वरचं निम्मं उत्तर आपोआप कळतं.